पाँपेईच्या राखेतली बाई आणि तिची तेरची बहीण

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि इटलीतलं पाँपेई हे रोमन शहर राखेखाली गेलं. भट्टीतले पाव, खानावळीचे ओटे, भिंतींवरची चित्रं जिथल्या तिथे राहिली. 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना तिथल्या एका घरात हस्तिदंताची वीतभर उंचीची स्त्रीमूर्ती मिळाली. हातभर कंकणं, कमरेला मेखला, पायांत जाड वाळे, दोन बाजूंना दोन दासी. दागिन्यांखेरीज अंगावर फारसं काही नाही. ही मूर्ती रोमन नव्हे, भारतीय. ‘पाँपेईची लक्ष्मी’ हे नाव तिला चिकटलं खरं, पण ती यक्षी किंवा नुसती नटलेली स्त्री असण्याचा संभव अधिक. डोक्यातून खाली गेलेलं भोक पाहता आरशाची मूठ किंवा छोट्या चौरंगाचा पाय असा तिचा उपयोग असावा.

तिच्या जवळच्या नातलग मराठवाड्यात निघाल्या. एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, म्हणजे जुन्या भोगवर्धनात. तिथे 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं. तिथली मूर्ती अर्धवटच उरली आहे, तरी ठेवण तीच, शेजारच्या दासीही तशाच. दुसरी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. म्हणून पाँपेईची बाई मराठवाड्यातच घडली असं छातीठोकपणे सांगणं मात्र घाईचं. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि ती लिपी वायव्येकडची. अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचं नाव येतं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा तो हिशेब देतो. तगरचं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई आणि तिथून जहाजात चढे. पैठणची गोदावरी पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड करत आपल्याच परभणी जिल्ह्यातून वाहते, तेव्हा हा मुलूख परभणीकरांना काही लांबचा नाही. उलट दिशेनेही माल येत होता. तेरला मद्याच्या रोमन कुंभांचे तुकडे मिळाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

पाँपेई एका झटक्यात मेलं म्हणून टिकलं. तेर मेलंच नाही, आणि अडचण नेमकी तिथे आहे. ज्वालामुखी आपल्याकडेही झाले, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यांच्या लाव्हाची झीज होऊन परभणीची कापूस पिकवणारी काळी माती झाली. तेरचा इतिहास मात्र काळीत नाही, पांढरीत म्हणजे वस्तीच्या मातीत आहे. तेरणा नदीच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या घरावर घर चढत गेलं, त्याची टेकाडं झाली आणि त्यांच्या अंगाखांद्यावर गाव आजही नांदतं आहे. जित्या गावाखाली खणायचं कसं? 1958 मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं आणि पुढेही उत्खननं झाली, तरी पाहिलेल्या भागापेक्षा न पाहिलेला भाग कितीतरी मोठा.

मग इतकं हाती आलं कसं? श्रेय तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांचं. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या बाहुल्या, रोमन नाण्यांच्या धर्तीवरची मातीची पदकं असं जे जे मातीतून वर आलं, ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय त्याच संग्रहातून उभं राहिलं आणि हस्तिदंती मूर्तीही तिथेच आहे. माझ्या मते मराठवाड्यात पैठणखालोखाल मान द्यावा असं हे दालन आहे, आणि संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला येणारे बहुतेक जण त्याच्याकडे पाठ फिरवून निघून जातात.

गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ चुकवू नका. मागची बाजू अर्धगोल, सगळं काम विटांचं. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. तेरच्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात.

तुळजापूरला निघालेल्या परभणीकरांनी एकदा वाट वाकडी करावी. धाराशिवपासून तेर वीसेक किलोमीटरवर आहे. आधी संग्रहालय पाहा, मग देऊळ. आणि टेकाडावर खापराचा तुकडा दिसला तर खिशात घालू नका, संग्रहालयात नेऊन द्या.