रंग काळा म्हणून बिअर कडक?

मठांच्या धाटणीच्या गडद ॲबी बिअरबद्दलचा सगळ्यांत चिवट गैरसमज तिच्या रंगाचा आहे. ग्लासात काळपट तपकिरी काही दिसले की 'ही कडक, जपून' असा शेरा ठरलेला. बिअर शॉपीच्या काउंटरवर तो ऐकू येतो आणि चार देश फिरून आलेल्यांच्या तोंडीही असतो. तो खरा असता तर कोऱ्या चहानेही झिंग आली असती.

बेल्जियममधल्या वेस्टमाले मठाचे उदाहरण घ्यावे. हा ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ १८५६ पासून गडद बिअर विकतो. आजच्या 'डुबेल' या गडद बिअरची कृती १९२६ मध्ये बसवली गेली आणि तिच्यात ७ टक्के अल्कोहोल असते. त्याच मठात 'ट्रिपेल'ही बनते. ती रंगाने सोनेरी आहे आणि तिच्यात ९.५ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे एकाच मठात, एकाच यीस्टवर आंबवलेल्या दोन बिअरमध्ये फिकी जास्त कडक. बेल्जियमचीच डुवेल फिकट पिवळी असून ८.५ टक्क्यांची आहे, तर जवळजवळ काळी दिसणारी आयरिश गिनेस ड्राफ्ट जेमतेम ४.२ टक्क्यांची. आपल्याकडची 'स्ट्राँग' बिअरही सोनेरीच असते. ८ टक्के अल्कोहोल असलेल्या तिच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीतून ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल पोटात जाते, तर डुबेलच्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीतून २३. टक्केवारी लेबलवर छापलेलीच असते. ती न वाचता रंगावरून निदान करण्याचा हट्ट कशासाठी, हे कळणे अवघड आहे.

रंग आणि अल्कोहोल या दोन गोष्टी बिअरमध्ये वेगवेगळ्या वाटांनी येतात. अल्कोहोल यीस्टने साखर खाल्ल्यावर तयार होते. रंग उष्णतेतून येतो. मोड आणलेली बार्ली, म्हणजे माल्ट, भाजली की तिच्यातली साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात अभिक्रिया होऊन तांबूस-तपकिरी रंग आणि खरपूस वास येतो. बिअरला काळा रंग आणायला असे भाजके दाणे थोडेच पुरतात, बाकीचे सगळे माल्ट फिकेच असते. शिवाय फार भाजलेल्या दाण्यातून यीस्टला खाण्याजोगी साखर उलट कमीच सुटते.

डुबेलमध्ये मात्र रंगाचा मोठा वाटा भाजक्या धान्याचा नसून आटवलेल्या साखरेचा असतो. ही गोष्ट आपल्याकडे, ढोकीसारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात तरी फोडून सांगावी लागू नये. तेरणा साखर कारखान्याच्या या पट्ट्यात उसाचा रस आटताना रंग कसा बदलतो, हे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. गुऱ्हाळावर काहिलीतला हिरवट रस भेंडीच्या चिकाने मळ काढत उकळत जातो, पिवळा होतो, मग तांबूस. उतरवायला उशीर झाला तर गूळ काळा पडतो. काळा पडला म्हणून कुणाला तो चढत नाही. कारखान्याची मळी तर डांबरासारखी काळी असते. एक टन मळीतून साधारण २२५ ते २५० लिटर अल्कोहोल निघते आणि आसवनीच्या नळीतून बाहेर पडताना ते पाण्यासारखे नितळ असते. सगळा काळेपणा मागे राहतो. रम गडद दिसते ती लाकडी पिंपात मुरल्यामुळे आणि वरून घातलेल्या कॅरमेलमुळे. ज्या भागात काळ्या मळीतून पांढरे स्पिरिट निघते, तिथेही रंगावरून कडकपणा जोखला जावा, ही कमाल आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक समज आहे: काळी बिअर मळीपासून करतात. तसे नाही. डुबेलचा पाया बार्लीच्या माल्टचाच असतो. तिच्यात जातो तो बेल्जियममध्ये बीटच्या साखरेपासून केलेला गडद पाक. दोऱ्यावर खडीसाखर जमवताना मागे उरणाऱ्या पाकाचा तो भाऊबंद. परदेशातले घरगुती बिअर करणारे अनेक वर्षे खडीसाखरेचे खडेच टाकत राहिले. मठांतले ब्रुअर प्रत्यक्षात पाक वापरतात, हे स्टॅन हायरोनिमस यांनी 'ब्रू लाइक अ मंक' या २००५ च्या पुस्तकात तपशिलाने मांडले आहे.

साखर घातली म्हणजे बिअर गोड होणार, हेही खरे नाही. माल्टमधली काही साखर यीस्टला पचत नाही, ती उरते आणि बिअरला अंग देते. साधी साखर मात्र यीस्ट जवळजवळ संपूर्ण फस्त करते. त्यामुळे साखर घातलेली बिअर तेवढ्याच कडक पण निव्वळ माल्टच्या बिअरपेक्षा हलकी आणि कोरडी लागते. उत्तम डुबेलचा पहिला घोट गोडसर भासतो आणि गिळताना ती गोडी तुटते.

चव घेताना ग्लास उजेडापुढे धरला तर 'काळी' बिअर माणकासारखी तांबडी निघते, वर दाट, किंचित पिवळसर फेस. वासात मनुका, अंजीर, केळे आणि मागून लवंग. यावरून फळे किंवा मसाला घातला असेल असे वाटते. काही मठ थोडे धणे घालतात हे खरे, पण केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टच्याच करामतीतून येतो. मनुकांचा वास प्रामुख्याने आटवलेल्या साखरेचा आणि गडद माल्टचा.

हे सगळे वास बर्फासारख्या थंड बिअरमध्ये दबून जातात. जितकी थंड तितकी चांगली हा नियम हलक्या लागरपुरता ठीक आहे. डुबेल ८ ते १४ अंश सेल्सिअसला, रुंद तोंडाच्या ग्लासात घ्यावी.

बाकीचे समज थोडक्यात निकालात निघतात. बाटलीच्या तळाचा गाळ म्हणजे बिअर नासली असे नाही, ते बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्यासाठी ठेवलेले यीस्ट असते. रोशफोर मठाच्या बाटल्यांवरचे ६, ८, १० हे आकडे अल्कोहोलचे टक्के नव्हेत, ते आंबवण्यापूर्वीच्या रसाच्या घनतेचे जुने अंश आहेत. टक्के अनुक्रमे ७.५, ९.२ आणि ११.३. लेबलवर मठाचे चित्र असले म्हणजे ती बिअर साधूंनीच केली असेही नाही. लेफ ही ॲबी बिअर एबी इनबेव्ह या बलाढ्य कंपनीची आहे. षटकोनी ट्रॅपिस्ट शिक्का मात्र मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनलेल्या मालालाच मिळतो आणि नफा मठाच्या निर्वाहाला व दानधर्मालाच जावा लागतो.

'बिअरच तर आहे' हा शेवटचा समज कायद्यालाही मान्य नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवानाही लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमावलीत ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग धरली आहे. या मोजपट्टीवर ७ टक्क्यांची डुबेल स्ट्राँगमध्ये मोडते, तिचा रंग कोणताही असो.