तीन अधिकचिन्हं आणि सेकंदभर शांतता

आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन लाइनच्या साध्या जोडणीत तीन वाटा असतात: ६४ किलोबिटच्या दोन, आवाज वा माहितीसाठी, आणि १६ किलोबिटची तिसरी, मुख्यतः फोन जोडण्या-तोडण्याच्या निरोपांसाठी. यंत्राला अशा लाइनशी जोडायला त्याच्या पोटात बसवलेलं मोडेम-मॉड्यूल मात्र बहुधा हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमचीच बोली बोलतं. 'एटीडी' आणि पुढे नंबर धाडला की डायल करतं, 'एटीएच' म्हटलं की फोन ठेवतं. 'एस-शून्य' या खान्यात १ लिहिलं की पहिल्याच रिंगला फोन उचलतं. ही मांडणी जतन करायला विसरलात, तर वीज गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

खरी गंमत पुढे. फोन लागल्यावर, हे हुकूम ज्या तारेतून जातात त्याच तारेतून माहिती वाहू लागते. मग त्यात हुकूम ओळखायचा कसा? सेकंदभर गप्प राहायचं, तीन अधिकचिन्हं पाठवायची, पुन्हा सेकंदभर गप्प. वाहत्या माहितीत अशी शांतता सहसा पडत नाही. जोडणी न तोडता मॉड्यूल हुकमासाठी कान टवकारतं. हेजने या विरामाचं पेटंट घेतलं, तेव्हा काही प्रतिस्पर्ध्यांनी विरामच गाळला. मग पाठवायच्या मजकुरातच तीन अधिकचिन्हं आणि पाठोपाठ 'एटीएच' आलं, की चालू फोन कट!