विश्लेषण : १५ लाख निकालांतून नेमका तुमचाच निकाल क्षणात कसा सापडतो? 'डेटाबेस इंडेक्स' म्हणजे काय?

दहावीचा निकाल ऑनलाइन जाहीर झाला की बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकायचे, गुण समोर येतात. राज्यात दरवर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थी ही परीक्षा देतात आणि त्या दुपारी बहुतेक घरांत मोबाइल हातातच असतो. पान उघडले नाही की 'सर्व्हर डाऊन' असे म्हणून आपण मोकळे होतो. मात्र शोधण्याची पद्धतच चुकीची असेल, तर सर्व्हर कितीही वाढवले तरी अपुरेच पडतात.

इंडेक्स नसेल तर काय होते?

समजा, निकालाचे एक मोठे टेबल आहे. इंडेक्स नसेल तर एका विद्यार्थ्यासाठी डेटाबेस पहिल्या ओळीपासून वाचत सुटतो. याला 'फुल टेबल स्कॅन' म्हणतात. एकाच वेळी हजारो जणांनी विचारणा केली, की हे वाचन हजारो वेळा होते.

इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली वेगळी सूची. बहुतेक डेटाबेस त्यासाठी 'बी-ट्री' ही रचना वापरतात. बोइंगच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी ती १९७०च्या सुमारास मांडली. गणित सोपे आहे. सूचीच्या एका पानावर ३०० नोंदी मावतात असे धरले, तर तीन पातळ्यांत ३०० × ३०० × ३००, म्हणजे २ कोटी ७० लाख नोंदी बसतात. म्हणजे १५ लाखांतून एक शोधायला सूचीची तीनच पाने वाचावी लागतात!

मग प्रत्येक रकान्यावर इंडेक्स का नको?

बैठक क्रमांक एकमेव असतो. त्यावर इंडेक्स असला की ओळ सापडते, आईचे नाव तिथेच पडताळता येते. त्यासाठी दुसरा इंडेक्स लागत नाही. 'उत्तीर्ण-अनुत्तीर्ण' या रकान्यावरचा इंडेक्सही फारसा उपयोगाचा नाही, कारण उत्तीर्ण शोधले तर जवळजवळ सगळे टेबलच हाती येते.

शाळेला मात्र आपल्या मुलांची गुणानुक्रमे यादी हवी असते. तिथे 'शाळा क्रमांक, मग गुण' असा जोड-इंडेक्स कामी येतो. क्रम उलटा केला, तर एका शाळेची मुले सूचीभर विखुरतात. आडनावाने लावलेल्या टेलिफोन डिरेक्टरीत नुसते 'संतोष' शोधण्यासारखेच ते.

शिवाय प्रत्येक नव्या नोंदीबरोबर सगळे इंडेक्स अद्ययावत करावे लागतात. निकाल एकदाच भरला जातो, त्यामुळे तिथे हा खर्च परवडतो. क्षणाक्षणाला नोंदी बदलणाऱ्या तिकीट आरक्षणात तो जड जातो.

इंडेक्स असूनही वेग का मिळत नाही?

हा घोळ जास्त सापडतो. बैठक क्रमांकाची सुरुवात इंग्रजी अक्षराने होते. कुणी ते छोट्या लिपीत टाकेल म्हणून प्रोग्रामर क्वेरीत टेबलमधला रकानाच मोठ्या लिपीत बदलून ताडतो. झाले! साधा इंडेक्स आता लागू पडत नाही, पुन्हा १५ लाख ओळींचे वाचन. त्याऐवजी विद्यार्थ्याने टाकलेला क्रमांक आधी बदलून घेतला की काम भागते.

डेटाबेस कोणता मार्ग घेणार, हे 'एक्स्प्लेन' या आज्ञेने आधीच पाहता येते. चाचणीला मात्र खऱ्याइतक्याच नोंदी हव्यात. शंभर ओळींच्या टेबलवर डेटाबेस अनेकदा इंडेक्सला हातही लावत नाही, कारण सगळे वाचणेच स्वस्त पडते.