इंदूरच्या काचेची धार

शिंदखेडा तालुक्याच्या उत्तरेच्या शिवेवरून वाहणारी तापी सारंगखेडा, प्रकाशा, उकाई करत गुजरातेत काक्रापारला पोचते. तिथे अणुवीज केंद्र आहे. त्यातल्या पहिल्या अणुभट्टीच्या वाहिन्या बदलायचं काम निघालं, तेव्हा प्रत्येक वाहिनीच्या टोकाशी वेल्ड केलेली कड कापायची होती. वाहिन्या 306, म्हणजे टोकं 612. किरणोत्सर्गाच्या जागी माणसाने जितका कमी वेळ थांबावं तितकं बरं, म्हणून ही कापणी लेझरने केली. तो लेझर बनला होता इंदूरला. शिंदखेडा तालुक्यातल्या नरडाण्याहून आग्रा रोड धरून सावळद्याचा पूल ओलांडला, शिरपूर-सेंधवा मागे टाकलं की पुढे इंदूरच.

तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी 1984 सालची. डॉ. दिलीप देवीदास भवाळकर त्याचे पहिले संचालक. परदेशातून यंत्रं आणून मांडण्यापेक्षा लेझर इथेच घडवायचा, ही त्यांच्या काळातली धडपड मला फार मोलाची वाटते. कारण लेझर घडवायचा म्हणजे त्याची काचही घडवावी लागते, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

काक्रापारला वापरला त्या जातीच्या लेझरचा गाभा म्हणजे निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाची कांडी. तिच्या दोन बाजूंना दोन आरसे, एक जवळजवळ सगळा प्रकाश परतवणारा, दुसरा थोडा बाहेर सोडणारा. दिव्याच्या उजेडाने कांडी चेतवली की प्रकाश या आरशांमध्ये येरझाऱ्या घालत वाढत जातो. त्याची तरंगलांबी 1064 नॅनोमीटर, डोळ्याला न दिसणारी. तो काचतंतूतून सहज जातो, म्हणून यंत्र भट्टीपासून लांब ठेवून नुसता तंतू आत नेता येतो. पण आरशावर धुळीचा एक कण राहिला, तरी त्या ठिकाणी मुलामा जळून डाग पडतो.

आरसा घडवताना काच आधी भरड पावडरीने घासतात, दर टप्प्याला पावडर बारीक करत. मग चौकोनी खाचा पाडलेल्या काळ्या डांबरी थरावर सेरियम ऑक्साइडचं पाणी घालून पॉलिश. त्यानंतर कारागीर काच पुसून तिच्यावर प्रमाण काच ठेवतो आणि सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली धरतो. दोन्हींच्या मधल्या हवेमुळे काळे-पिवळे पट्टे उमटतात. पट्टे सरळ तर पृष्ठभाग सपाट, वाकले तर फुगवटा किंवा खळगा. एका पट्ट्यापासून पुढच्या पट्ट्यापर्यंत या हवेच्या जाडीतला फरक जेमतेम 295 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागापेक्षाही कमी. आणि लेझरच्या आरशाला त्याच्या अंशाइतकाच बाक चालतो. बोटाच्या उबेनेसुद्धा पट्टे वाकतात, तेव्हा काच निवेपर्यंत थांबायचं आणि मगच निकाल द्यायचा. हा थांबण्याचा भाग यंत्राकडून करून घेता येत नाही. तो अंगात मुरावा लागतो.

पुढे निर्वात पेटीत टायटेनियम आणि सिलिकॉनच्या ऑक्साइडचे थर एकाआड एक चढवतात. सिलिकाचा एक थर साधारण 183 नॅनोमीटरचा. प्रत्येक थरावरून परतलेला प्रकाश एकमेकांना साथ देईल, अशा हिशेबाने ही जाडी धरलेली असते.

याच तरंगलांबीचा लेझर आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी अनुभवलाय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी पुन्हा धूसर दिसायला लागतं, तेव्हा डॉक्टर ‘याग करून घ्या’ म्हणतात. बसवलेल्या भिंगामागचा गढूळलेला पडदा काही मिलिज्यूलच्या, अब्जांश सेकंदांच्या ठिणग्यांनी उघडतात. टाका नाही, चीर नाही.

इंदूरच्या केंद्रात आयटीआय झालेल्या मुलांना अप्रेंटिस म्हणून घेतात. फिटर-टर्नर झालेला खान्देशातला पोरगा सहसा पुणे, नाशिक किंवा सुरतेची वाट धरतो. त्याच्या यादीत हे उत्तरेकडचं गावही असायला हवं. मायक्रॉनवर सरावलेल्या हाताला नॅनोमीटर शिकवायला अशा जागा आपल्याकडे थोड्याच आहेत.