अंगठ्याच्या मापाची मूठ

पहाटे ५:३०

एप्रिलात पोंभुर्ण्यात हातकाम करायचं तर उजाडताच बसावं लागतं. अकरानंतर ओसरीवरच्या पत्र्याखाली कानससुद्धा हातात धरवत नाही. पाट मांडला, त्यावर जुनी गोधडी टाकली, वाइस घट्ट केला. आज शेजारच्या मावशींचा घडीचा चाकू घेतलाय. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचा आहे. कार्बन स्टीलचं पातं, पाठीला स्प्रिंग, दोन्ही अंगांना पितळी पट्ट्या आणि त्यांवर प्लॅस्टिकच्या चपट्या फळ्या. पोलाद अजून उत्तम आहे, पण मूठ फार पातळ. मावशींच्या अंगठ्याचा सांधा सुजलेला असतो. पातळ मूठ धरून ठेवायला जोर जास्त लागतो आणि तो सगळा त्या सांध्यावर येतो. बकऱ्यांसाठी पाला तोडायचा, दोऱ्या कापायच्या, मे महिन्यात तेंदूपत्त्याची पुडकी बांधायची, सगळं याच चाकूवर. आपल्याकडे एका पुडक्यात ७० पानं असतात आणि हजार पुडक्यांची एक प्रमाणित गोणी होते. एवढी पुडकी बांधताना दुखणारा अंगठा म्हणजे बुडालेली मजुरी. नवा चाकू बाजारात मिळेल, पण त्यांच्या हाताला बसणारा मिळायचा नाही.

६:००

आधी पात्याला कापडी पट्टी गुंडाळली. उघड्या धारेजवळ ठोकाठोक करायची नाही, हा पहिला नियम. मग रिव्हेटचं एका बाजूचं डोकं बारीक कानशीनं सपाट केलं. लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून ठेवलेलं आहे. रिव्हेटची दुसरी बाजू त्या भोकावर धरून वरून पंचानं हलके ठोके दिले की ती खाली निसटते. शेवटची रिव्हेट निघताना स्प्रिंगवरचा ताण एकदम सुटतो, म्हणून तिथे बोट ठेवायचं नाही. सुटे भाग रॉकेलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशनं घासले. सांध्यातून काळा चिकट मळ निघाला. पातं जड उघडायचं ते त्यामुळेच.

७:३०

लाकूड निवडायची वेळ. पूर्वी चाकूच्या मुठीला सांबरशिंगाचा मोठा मान होता. इंग्लंडातल्या शेफिल्डचे कारागीर त्यासाठी भारतातून सांबराची शिंगं नेत. आपल्या भागात आजही कुणी तरी सुचवतं, जंगलात पडलेलं एखादं शिंग लाव की. मी साफ नाही म्हणतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि चितळ-सांबराचं शिंग आपोआप गळून पडलेलं असलं तरी ते उचलून घरी आणायचं नाही. शिंगाला भाव आला की जनावराच्या जिवालाही भाव येतो. ताडोब्याच्या एवढ्या जवळ राहून हे विसरणं बरं नव्हे.

मी सुताराकडून सागाचे उरलेले तुकडे आणतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची ख्याती जुनी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून साग गेला, तोही याच जंगलातला. चाकूच्या मुठीला सागाचा फायदा वेगळा आहे. तो उन्हात फारसा आकसत नाही आणि पावसाळ्यात फारसा फुगत नाही, त्यामुळे पितळ आणि लाकूड यांच्यात खाच पडत नाही. सरळ रेषांचा, गाठ नसलेला तुकडा घेऊन त्याच्या दोन फळ्या कापल्या. प्लॅस्टिकच्या फळ्यांपेक्षा दुपटीहून जाड ठेवल्या. सागाची धूळ नाकाला झोंबते, म्हणून कापताना तोंडाला गमछा.

९:००

मावशी मोहफुलं वेचून परतल्या. टोपली खाली ठेवल्याबरोबर मी त्यांच्या हातात भिजवलेल्या मातीचा गोळा दिला. चाकू धरता तसा दाबा म्हटलं. दाबला. मातीत चार बोटांच्या खाचा उमटल्या आणि अंगठ्याचा ठसा पाठीच्या बाजूला थोडा तिरपा आला.

"अंगठ्याखाली बोचते जी, बाकी धार चांगली हाय," त्या म्हणाल्या.

बोचते ती पात्याच्या पाठीची कडा. ठसा पाहूनच ते कळलं. म्हणजे मूठ जाड करून अर्धंच काम होणार होतं. पाठही गोल करावी लागणार. मातीचा तो गोळा सावलीत वाळत ठेवला. दिवसभराचा नकाशा तोच.

१०:००

सागात तेल असतं आणि तेलावर डिंक धरत नाही. म्हणून चिकटवायची बाजू काचपेपरनं खरवडून थिनरनं पुसली, पितळही खरवडलं. अरल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतून सारखा भाग घेऊन चांगला घोटला. प्रत्येक फळी आपापल्या पट्टीवर चिकटवली आणि दोन्ही जोड लाकडी ठोकळ्यांत धरून वाइसमध्ये दाबले. फार आवळलं तर अरल्डाइट सगळा बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. कडेला बारीक रेघ दिसली की थांबायचं.

१२:००

बाहेर ऊन रणरणतंय. आत जमिनीवर बसून पातं घेतलं. मधोमध एक लहानसा तुकडा उडालेला होता. ग्राइंडरवर हे पाच मिनिटांचं काम, पण पातळ पातं क्षणात तापतं. आधी पिवळसर दिसतं, मग निळं. निळं पडलं म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या घरात गेलं आणि पात्याचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. त्यामुळे कार्बोरंडमचा दगड, पाणी आणि दुपार. खरखरीत बाजूवर सगळी धार मागे आणत त्या खाचेच्या तळापर्यंत नेली. मग दोन्ही अंगांनी साधारण २० अंशांचा कोन धरून घासलं. एका अंगाचं पुरं झालं की पलीकडे पोलादाची बारीक कड बोटाला लागते. ती टोकापासून बुडापर्यंत सलग लागली तरच बाजू बदलायची. शेवटी बारीक बाजू, मग चामड्याचा जुना पट्टा.

पाठीच्या दोन्ही कडा काचपेपरनं गोल केल्या. टोकही थोडं बोथट केलं, कारण पाला आणि दोरी कापायला सुईसारखं टोक लागत नाही आणि उघडाच कमरेला खोचलेल्या चाकूचं टोक लागू शकतं. कुणी लांब पातं बसवून मागितलं तर मी घेत नाही. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू परवान्याच्या यादीत येतो. घरकाम-शेतकामाच्या अवजारांना त्यातून सूट आहे. आमचं काम त्या सवलतीतलंच राहावं.

४:३०

पाकिटावर लिहिलेला वेळ बेताच्या हवेचा असतो. या उन्हात अरल्डाइट लवकर धरतो. पट्टीतल्या भोकातूनच सागात ड्रिल घातलं, म्हणजे भोकं जुळतात. खाली टाकाऊ लाकूड धरलं, नाही तर पलीकडून साल निघते. जोडणीत स्प्रिंगच त्रास देते. तिच्यासाठी टोकाला निमुळता केलेला खिळा तात्पुरता घातला, स्प्रिंग ओळीत आली, आणि मग खिळ्याला मागे ढकलत पितळी रिव्हेट आत सारली.

पात्याच्या सांध्याची रिव्हेट ठोकताना पातं आणि पट्टी यांच्यात कागदाचा कपटा ठेवतो. बारीक हातोडीनं कडेकडेनं टिचक्या दिल्यासारखं ठोकत डोकं पसरवायचं. शेवटी कपटा ओढून काढला की तेवढीच फट उरते. पातं डुगडुगत नाही आणि अडकतही नाही. उघडून पाहिलं. स्प्रिंग खट्‌कन बसली.

६:००

ऊन कललं. आता मातीचा गोळा समोर ठेवून कानस. पोटाला फुगवटा, करंगळीपाशी थोडा उतार, अंगठ्याच्या जागी तिरपी सपाटी. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, म्हणून थोडं घासायचं, मूठ धरून बघायची, पुन्हा थोडं. माझ्या हाताला ती बेढब लागत होती. लागू दे, ती माझ्यासाठी नाही.

७:३०

मावशी आल्या. सुतळी कापली, कडुलिंबाची डहाळी तासली. करंगळीपाशी अजून किंचित टोचत होतं; तिथल्या तिथे काचपेपर फिरवला. पुन्हा डहाळी. या वेळी त्यांनी मूठ बदलून धरली नाही, सलग तासत राहिल्या. मला हवा होता तो दाखला मिळाला.

मग मुठीला जवसाचं तेल, अगदी पातळ हात. जाड थर चिकट राहतो. जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि चोळामोळा करून फेकलेली चिंधी आपोआप पेटू शकते; ती अंगणात दोरीवर पसरून टाकली.

चाकू त्यांना लगेच हवा होता. दिला नाही. जोडाला पुरी ताकद उद्या येईल. सकाळच्या पाल्यासाठी माझा चाकू दिला आणि दोन गोष्टी बजावल्या: चिंच-लिंबू कापल्यावर पातं पुसून तेलाचं बोट फिरवायचं, आणि या चाकूला कुलूप नाही, नुसती स्प्रिंग आहे, म्हणून तो कधी भोसकून वापरायचा नाही, नाही तर पातं बोटांवर मिटतं.

नव्या मुठीचा खरा कस तेंदूच्या हंगामातच लागेल. तेव्हा कुठे बोचलं तर पुन्हा आणा, असं सांगितलंय. सागाच्या फळ्यांत आणखी घासता येईल एवढी जाडी मी मुद्दाम राखून ठेवली आहे.