घरांतील रामायण आणि प्रेक्षकांचें मत

एखादी मालिका 'चांगली' आहे असें जेव्हां घरांतील माणसें म्हणतात, तेव्हां त्या एका शब्दाच्या पोटीं निरनिराळे अर्थ असतात. आजीच्या तोंडीं त्याचा अर्थ देवाचें दर्शन घडलें असा असतो. आईबापांच्या तोंडीं, मुलाबाळांसह बसून पाहतांना मान खालीं घालावी लागली नाहीं असा असतो. आणि मुलांच्या तोंडीं, पुढें काय झालें हें कळण्याची उत्कंठा लागली असा असतो. भक्तिपर कौटुंबिक मालिकांविषयीं जे वाद घरोघर होतात, त्यांचें मूळ पुष्कळदां या अर्थभेदांत सांपडतें. आज या मतांचाच थोडा विचार करावयाचा आहे. उदाहरण म्हणून रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका घेतों, कारण ती न पाहिलेलें घर विरळाच.

ही मालिका २५ जानेवारी १९८७ रोजीं दूरदर्शनवर सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजीं संपली. दर रविवारीं सकाळीं साडेनऊ ही तिची वेळ. मूळ योजना ५२ भागांची होती. लोकप्रियतेमुळें ती ७८ भागांपर्यंत वाढली. त्या काळीं आमच्या घाटंजीसारख्या तालुक्याच्या गांवीं दूरचित्रवाणीचा संच थोड्याच घरीं असे. ज्याच्या घरीं संच, त्याच्या बैठकींत शेजारपाजारचीं माणसें स्नान उरकून, वहाणा दाराशीं काढून बसत. पडद्यावर राम दिसतांच म्हाताऱ्या बाया हात जोडीत.

आजच्या तरुणांस हें भाबडें वाटतें. परंतु यांत नवें असें कांहींच नव्हतें. कीर्तनकाराच्या पायां पडतांना आपण त्या व्यक्तीच्या नव्हे, तर त्याच्या मुखींच्या कथेच्या पायां पडतों, हें आपल्याकडील निरक्षर माणसासहि ठाऊक असतें. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट १९३६ सालीं निघाला आणि मुंबईस वर्षाहून अधिक काळ चालला. विष्णुपंत पागनीसांच्या ठायीं लोकांनीं तुकोबाच पाहिले. अशा प्रेक्षकाचें मत हें कलेविषयींचें मत नसतें. मुकुट पुठ्ठ्याचा दिसतो असें त्यास सांगून उपयोग नाहीं. मूर्तीचें नाक झिजलें म्हणून देवळांत जावयाचें कोणी सोडीत नाहीं.

दुसरें मत चिकित्सकांचें. बाण आकाशांत फार वेळ अडकून राहतात, कथा संथ चालते, ह्या त्यांच्या वरवरच्या तक्रारी सोडून देऊं. त्यांची एक शंका मात्र गंभीर होती. इतिहासकार रोमिला थापर यांनीं १९८९ सालीं ती मांडली. रामकथा या देशांत अनेक प्रकारांनीं सांगितली जाते. त्यांपैकीं एकच कथन दूरदर्शनद्वारें सर्वत्र पोंचलें, तर बाकीचीं मागें पडतील, अशी ती शंका. मराठी माणसास ती समजावयास अवघड नाहीं. नाथांचें भावार्थ रामायण निराळें. मोरोपंतांची ख्याति तर अष्टोत्तरशत रामायणें रचिल्याबद्दल आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणें आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालें. ग. दि. माडगूळकरांचीं ५६ गीतें सुधीर फडके यांच्या संगीतांत वर्षभर ऐकतांना ज्यानें त्यानें आपापला राम मनांत उभा केला. दूरचित्रवाणीनें मात्र रामास एकच चेहरा दिला. १९८७ नंतर वर्गांत रामाचें चित्र काढावयास सांगितलें, म्हणजे बहुतेक वह्यांतून अरुण गोविल यांचाच मुकुट आणि त्यांचेंच स्मित उमटूं लागलें, हें मीं शिक्षक या नात्यानें पाहिलें आहे.

तिसरें मत मला सर्वांत मोलाचें वाटतें. तें कथेंत आपलें स्थान शोधणाऱ्यांचें मत होय. मालिका रामाच्या राज्याभिषेकाशीं थांबली. गर्भवती सीतेच्या त्यागाचें उत्तरकांड तींत नव्हतें. परंतु वाल्मीकींनीं आपल्या आश्रमांत सीतेस आसरा दिला, ही कथा त्याच कांडांत आहे. पंजाबांतील जालंदर येथील सफाई कामगारांच्या समाजांत वाल्मीकींस गुरु मानतात. त्या कामगारांनीं १९८८ सालीं संप पुकारला. ती मागणी वेतनाची नव्हती. कथा पुरी सांगा, एवढीच होती. पुढें उत्तर रामायणाची मालिका निघाली. सारें गांव झाडणाऱ्या माणसांच्या मतानें कथेचा शेवट बदलला, ही गोष्ट लहान नव्हे.

यानंतर मार्च २०२० मध्यें टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून हीच मालिका पुन्हां दाखविण्यांत आली. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लक्ष लोकांनीं पाहिला, असें दूरदर्शननें जाहीर केलें. संख्या मोठी खरी. परंतु संख्येवरून मत कळत नाहीं. प्रेक्षकांची गणना कांहीं हजार निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून होते. संच कोणत्या वाहिनीवर किती वेळ चालूं होता व समोर कोण होतें, एवढें तें यंत्र नोंदवितें. पाहणारा हात जोडून बसला होता, कीं भाजी निवडीत होता, कीं नातवाशीं वाद घालीत होता, हें त्यास कळत नाहीं. १९८४ सालीं सुरू झालेल्या 'हम लोग' या मालिकेच्या वेळीं अशोक कुमार यांजकडे चार लक्षांहून अधिक पत्रें आलीं. लिहावयास बसणाऱ्यास आपल्या मताचीं कारणें शोधावीं लागत.

गेल्या दहा-बारा वर्षांत तुकोबा, ज्ञानेश्वर, स्वामी समर्थ, बाळूमामा, गजानन महाराज यांच्या चरित्रांवर मराठी वाहिन्यांनीं मालिका काढल्या. वडील माणसें त्या आवडीनें पाहतात. एक तक्रार मात्र त्यांच्याच तोंडून ऐकूं येते, ती ही कीं चमत्कार फार आणि आचरण थोडें. ही तक्रार वाहिनीपर्यंत पोंचत नाहीं, कारण तक्रार करणारा संच बंद करीत नाहीं आणि यंत्र त्यास संतुष्ट प्रेक्षकांतच मोजतें.

तेव्हां प्रेक्षकानें काय करावें? आपल्या वऱ्हाडांतील गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गांव झाडीत आणि रात्रीं कीर्तन करीत. त्या कीर्तनांत ते श्रोत्यांसच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच मुखांतून काढीत. दूरचित्रवाणी प्रश्न विचारीत नाहीं. तें काम घरांतील माणसांनीं करावयाचें आहे. टाळेबंदींत रामायण पाहतांना, 'सीतेनेंच परीक्षा कां द्यावयाची?' असें नातवंडांनीं आमच्याहि घरीं विचारलें. 'देवाच्या गोष्टींत असें विचारूं नये' असें म्हणणें सोपें असतें. पण त्या उत्तरानें मूल भाविक होत नाहीं; तें आपला भ्रमणध्वनी उचलून दुसऱ्या खोलींत जातें आणि पुन्हां आपल्याजवळ बसत नाहीं.

वास्तविक त्या प्रश्नास उत्तर देण्याजोगें पुष्कळ आहे. वाल्मीकींच्या कथेंत खरी सीताच अग्नींत प्रवेश करते. तुलसीदासांच्या कथेंत ती छायासीता असते आणि खरी सीता आधींच अग्नीच्या स्वाधीन केलेली असते. मालिकेनें तुलसीदासांचा मार्ग पत्करला, आणि तरीहि लक्ष्मणाच्या मुखीं रागाचे शब्द घातलेच. म्हणजे हा प्रश्न कवींस पडला होता, मालिकाकारांस पडला होता. नातवंडास पडला यांत अश्रद्धा कोठें आली? इतकें जरी आजोबांनीं सांगितलें, आणि 'तुला काय वाटतें?' असें उलट विचारलें, तरी पुरे.

माझी सूचना साधी आहे. भाग संपतांच संच बंद करावा, दुसरा कार्यक्रम लावूं नये, आणि जेवणाच्या पानावर बसल्यावर पाहिलेल्या प्रसंगाविषयीं धाकट्यांस आधीं बोलूं द्यावें. वडिलांनीं शेवटीं बोलावें.