पुण्याच्या सदाशिव पेठेत नाशिकच्या विंचूरचं नाव कसं पोहोचलं?

विंचूर म्हटलं की निफाड तालुक्यातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, कांदा आणि वाईन. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्या गावात आहे, त्यामुळे हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा ठरलेल्याच. एमआयडीसीचा वाईन पार्कही इथलाच.

शिकायला पुण्यात आले तेव्हा मी सदाशिव पेठेत रूम शोधत फिरत होते. कुमठेकर रस्त्यावर एका काकांना पत्ता विचारला. ते म्हणाले, "सरळ जा, विंचूरकर वाडा लागेल, तिथून पुढे."

गावापासून दोनशेएक किलोमीटरवर आपल्या गावाचं नाव ऐकलं की पाय थबकतातच. मग या नावाचा माग काढला आणि त्या नादात अख्खी पेठ फिरून झाली. तोच हा किस्सा. वाचता वाचता तुमचाही एक दिवसाचा प्लॅन तयार होईल.

हे विंचूरकर नक्की कोण?

पेशवाईतले एक नावाजलेले सरदार म्हणजे विठ्ठल शिवदेव. त्यांचं मूळ आडनाव दाणी. विंचूरची जहागीर मिळाली आणि घराणं विंचूरकर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पैठणीचं येवलाही पुढे त्यांच्याच ताब्यात आलं.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची आणि अब्दालीची लढाई झाली. सदाशिवरावभाऊ तिथेच पडले. विठ्ठल शिवदेवही त्याच रणांगणावर होते, पण ते जिवंत परतले.

आता गंमत बघा. सदाशिव पेठेला नाव मिळालं ते या सदाशिवरावभाऊंचं. पेठ वसण्याआधी इथे मौजे नायगाव नावाचं गाव होतं. थोरल्या माधवरावांच्या काळात भाऊंच्या स्मरणार्थ ही पेठ वसवली गेली. म्हणजे जे परत आले नाहीत त्यांचं नाव पेठेला लागलं आणि जे परतले त्यांच्या घराण्याचं नाव त्याच पेठेतल्या वाड्याला.

वाडा विंचूरकरांचा, गाजला टिळकांमुळे

लोकमान्य टिळक याच विंचूरकर वाड्यात राहायचे. कायद्याचे वर्गही ते इथेच घ्यायचे. १८९२ मध्ये मुंबईहून पुण्याला येताना रेल्वेत त्यांची एका तरुण संन्याशाशी ओळख झाली. तो संन्यासी काही दिवस त्यांच्याकडे मुक्कामाला होता. पुढच्याच वर्षी शिकागोत भाषण करून जगभर गाजलेले ते स्वामी विवेकानंद.

१८९४ मध्ये केसरीचा गणेशोत्सव सुरू झाला, तोही याच वाड्यात. सार्वजनिक गणेशोत्सवाचा पहिला मान भाऊसाहेब रंगारींचा की टिळकांचा, यावर पुण्यात आजही तावातावाने भांडणं होतात, त्यात आपण पडायला नको. १९०५ मध्ये हा गणपती गायकवाड वाड्यात गेला. त्यालाच आज केसरी वाडा म्हणतात आणि तिथला गणपती हा मानाचा पाचवा.

फिरायला सुरुवात कुठून करायची?

बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबाग वाड्यापासून. दुसऱ्या बाजीरावांनी बांधलेला हा वाडा १८०७ मध्ये पूर्ण झाला. सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आणि पुढे आलेला सज्जा रस्त्यावरूनच दिसतो. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली. पुढे त्यातूनच डेक्कन कॉलेज उभं राहिलं.

तिथून कुमठेकर रस्त्याला लागा, विंचूरकर वाडा याच रस्त्यावर. मग पेरूगेटच्या बाजूला निघा. १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत आहे. जुनी कागदपत्रं आणि पोथ्यांचा मोठा साठा तिथे जपलाय. शेजारच्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालयही चुकवू नका. अडकित्ते, दिवे, वाद्यं, घरातल्या रोजच्या वस्तू, सगळं एका माणसाने आयुष्यभर जमवलेलं.

देवांची नावं ऐकून दचकू नका

खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती, भिकारदास मारुती. ही सगळी खरी देवळं आहेत आणि सगळी सदाशिव पेठेत आहेत.

खुन्या मुरलीधराबद्दल असं सांगतात, की मूर्तीच्या प्रतिष्ठापनेवेळी अरब पहारेकरी आणि इंग्रजांचे शिपाई यांच्यात चकमक झाली, रक्त सांडलं आणि देवाला हे नाव चिकटलं. भिकारदास हा भिकारी नव्हे बरं का. ते एका सावकाराचं नाव, त्याच्या जागेतला तो मारुती.

आणि खायचं काय?

सकाळी एखाद्या अमृततुल्यमध्ये चहा घ्या. पितळी भांड्यात उकळणारा, वेलची-आल्याचा. पुण्यात ही अमृततुल्य रुजवली राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी.

बाकरवडी घ्यायला बाजीराव रस्त्यावरचे चितळे बंधू आहेतच. ज्यांच्या दुपारच्या सुट्टीवर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले, ते चितळे पुण्यात आले सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीहून. दुपारी टिळक रस्त्यावरच्या बादशाही बोर्डिंगमध्ये साधं पोळी-भाजी-वरण-भाताचं ताट मिळतं. आणि ऊन वाढलं की निंबाळकर तालीम चौकात सुजाता मस्तानी. घट्ट दूध, त्यावर आइस्क्रीमचा गोळा आणि सुकामेवा. एक ग्लास दोघांत पुरतो, पण वाटून घ्यायची इच्छा होत नाही.

मग अस्सल पुणेरी कोण?

सदाशिव पेठ म्हणजे अस्सल पुणेरीपणाचा बालेकिल्ला, असं आपण मीम्समधून ऐकत आलोय. पण वरची यादी परत वाचा. वाडा विंचूरच्या जहागीरदारांचा, त्यात राहणारे टिळक रत्नागिरीचे, बाकरवडी भिलवडीच्या माणसांची, चहा राजस्थानातून आलेल्यांचा. ज्या पेठेत बाहेरच्यांना पाट्या वाचूनच घाम फुटतो, ती पेठ बाहेरून आलेल्यांनीच घडवलीय.

आजही तेच चाललंय. पेठेच्या गल्ल्यांमध्ये फिरलात तर दर चार पावलांवर अभ्यासिका, मेस आणि 'कॉट बेसिसवर जागा उपलब्ध'च्या पाट्या दिसतील. एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणारी गावागावातली पोरं-पोरी इथे राहतात. एका खोलीत चार-चार कॉट, दोन वेळचा डबा आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका. जाहिरात लांबली, परीक्षा पुढे गेली की घरून येणाऱ्या पैशांचं गणित बिघडतं. कांद्याचा भाव पडला तरी बिघडतं. आमच्या भागातल्या पोरांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पानिपताच्या लढाईवरचा प्रश्न ती इथेच पाठ करतात. विंचूरकर वाडा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

दुसरीकडे जुने वाडे एकेक करून पडतायत आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहतायत. पडक्या भिंतीत राहणाऱ्यांना चांगलं घर हवं, यात चूक काहीच नाही. पण वाडा गेला की पत्ता सांगण्यापुरतं नाव उरतं आणि ते नाव कुठून आलं, हे सांगणारं कोणी उरत नाही. म्हणून जे उभं आहे ते आत्ताच बघून घ्या.

जाणार असाल तर

नाशिककडची एसटी वाकडेवाडीला सोडते. तिथून शिवाजीनगर मेट्रो स्टेशन गाठा आणि स्वारगेटच्या दिशेने मंडईला उतरा. हे भुयारी स्टेशन सप्टेंबर २०२४ पासून सुरू आहे. बाजीराव रस्ता तिथून चालत जाण्यासारखा आहे. गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यातच दिवस जाईल. सकाळी लवकर निघा, कारण दुपारी एक ते चारमध्ये पेठ झोपते, हे मीम अजून पूर्ण खोटं ठरलेलं नाही.

तुमच्या गावाचं नाव पुण्या-मुंबईतल्या एखाद्या वाड्याला, गल्लीला किंवा चौकाला आहे का? असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा.